पाटीवर न मावलेले दोन शब्द

कागदोपत्री तो पट्टेवाला होता. म्हणजे शिपाई. एके काळी शिपायाच्या छातीवर आडवा पट्टा असायचा. पुढे तो पट्टा गेला, त्यावरचा पितळी बिल्ला गेला आणि हुद्द्याचं नाव तेवढं सेवापुस्तकात राहून गेलं. पण कॉलेजातल्या पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी हा माणूस कायम जमिनीवर उकिडवा बसून पांढरे पट्टे मारतानाच पाहिलेला. त्यामुळे नाव कामावरूनच पडलं असणार, असं सगळे धरून चालत. पट्टेवालेमामा. मामांनी कधी कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. खरं सांगायचं तर त्यांना ती मनापासून आवडायची.

विसाव्या वर्षी ते घंटा द्यायला आणि पाणी भरायला म्हणून लागले होते. एकदा खेळांच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी मैदान आखणारा माणूस आला नाही, म्हणून चुन्याची बादली यांच्या हातात आली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी धावपटूंपेक्षा रेघांचंच कौतुक जास्त केलं. तेव्हापासून कॉलेजात जे जे रंगवायचं, ते यांच्याकडे. बाकांवरचे परीक्षेचे नंबर, दारांवरच्या पाट्या, पाण्याच्या टाकीवर साफ केल्याची तारीख. आणि मग मोटारसायकली आल्या. मामा लागले तेव्हा अख्ख्या आवारात दोन होत्या. मग दहा झाल्या, पन्नास झाल्या, आणि एका वर्षी बघता बघता झाडांच्या सावल्या गाड्यांना पुरेनाशा झाल्या. वाचनालयासमोर, प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून, आतल्या रस्त्याच्या दोन्ही कडांना मामांनी चौकटी मारल्या. गेरूत भिजवलेली दोरी ताणायची, झटका द्यायचा, जमिनीवर लाल रेघ उठते, तिच्यावरून ब्रश न्यायचा. हाताला सवय झाली की डोक्याची गरज उरत नाही. हात पट्ट्याबरोबर सरकत राहायचा आणि मामा कुठच्या कुठे निघून जायचे. कधी पट्टा नदी व्हायचा, कधी बर्फातली वाट. शेजारून कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ यायची.

घरी त्यांची बायको शाळांचे गणवेश शिवायची. तिला हे सगळं पाठ होतं. जेवताना यांचा घास हातातच थांबला की ती मशीनवरूनच म्हणायची, "गेलं यांचं विमान. अहो, उतरा खाली, भाजी निवतेय."

त्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर एक अपघात झाला. वाचनालयाच्या वळणावर एक मुलगा गाडी वाकवून भरधाव आला, समोरून ग्रंथपालबाई हातात रजिस्टर घेऊन येत होत्या. गाडी लागली नाही, पण बाजूला उडी मारताना बाई दगडी कडेवर पडल्या आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. त्या मुलानेच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रडत नेलं म्हणे. बाईंना हात दुखत असताना त्याचीच समजूत घालावी लागली.

गाड्यांच्या आवाजाबद्दल तक्रारी आधीपासून होत्याच. आता मात्र पाणी डोक्यावरून गेलं. प्राचार्यांनी नोटीस काढली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून एकही दुचाकी फाटकाच्या आत येणार नाही, कुणाचीच नाही. मागच्या भिंतीपलीकडे जुन्या वीटभट्टीचं मोकळं रान होतं, गाड्या तिथे लावायच्या आणि वळसा घालून चालत यायचं. वाट पंधरा मिनिटांची. प्राचार्य माणूस सरळ होते. स्वतःची स्कूटरही त्यांनी पहिल्या दिवसापासून भट्टीवर लावली.

मामांच्या वाट्याला दोन कामं आली. आतल्या सगळ्या चौकटी काळ्या रंगाने बुजवायच्या आणि फाटकावर नवी पाटी रंगवायची.

बुजवायला तीन दिवस लागले. बावीस वर्षं मारलेले पट्टे एकेक करून पुसताना आपल्याला वाईट वाटेल असं मामांना वाटलं होतं, पण तसं झालं नाही. झालं ते वेगळंच. रस्ता रिकामा झाल्यावर पहिल्यांदाच त्यांना गाड्यांखालची जमीन दिसली. प्रत्येक चौकटीत मधोमध ऑइलचा डाग होता. वर्षानुवर्षं थेंब थेंब ठिबकून साचलेला, कडेला मोरपंखी झाक मारणारा. एकही डाग दुसऱ्यासारखा नव्हता. एक झोपलेल्या कुत्र्यासारखा, एक डोक्यावर ओझं घेतलेल्या बाईसारखा, एक तर थेट एखाद्या बेटासारखा, आजूबाजूला लहान लहान बेटं घेऊन. मामा ब्रश टेकायचे आणि थांबायचे. वर पानं हलायची तशी सावली त्या बेटांवरून सरकायची, जणू तिथे ढग चालले आहेत. इतकी शांतता त्या रस्त्यावर कधी नव्हती. वाचनालयातला पंखा कुरकुरत फिरतोय, तो रस्त्यावर ऐकू येत होता. लांबून कुणी पानं उलटल्याचाही आवाज आला असं मामांना वाटलं, पण तो आपला भासही असेल, हेही त्यांना कळत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी पाटी. सहा फूट लांब, तीन फूट उंच पत्रा, पिवळा रंग आदल्या दिवशीच वाळलेला. मजकूर ऑफिसातून टाइप होऊन आला होता, 'आवारात दुचाकी आणण्यास व चालवण्यास सक्त मनाई आहे.' मामांनी कागद पत्र्याला टाचला, काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि 'आवारात'चा आ काढला. छान निघाला. भरदार, पोटाला गोल, उभ्या दांड्या ताठ. मग त्याच मापात पुढची अक्षरं ओघानेच आली. 'दुचाकी'चा चा काढताना तर विमान पार उडालं होतं. भट्टीकडून येणारा वारा, टर्पेंटाइनचा वास, रिकामा रस्ता, आणि ब्रशच्या टोकाशी हळूहळू ओला होत जाणारा काळाभोर उकार, वेलांटी, काना.

खाली आले तेव्हा पत्र्यावर पहिली ओळ संपली होती आणि दुसऱ्या ओळीपुरतीच जागा उरली होती. तेवढ्यात 'आणण्यास व चालवण्यास सक्त मनाई आहे' बसणं शक्य नव्हतं. 'चालवण्यास सक्त मनाई आहे' मात्र जणू माप घेऊन शिवल्यासारखं बसत होतं.

टर्पेंटाइनची बाटली शेजारीच होती. फडकंही होतं. मामा कागदाकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी 'चालवण्यास'चा च काढायला घेतला.

ऑफिसातल्या कारकुनाने येऊन पाटी पाहिली, "काय अक्षर आहे मामा!" म्हणाला आणि काम पूर्ण झाल्याची सही करून गेला. मजकूर कुणी कागदाशी ताडून पाहिला नाही. सगळ्यांना नियम तोंडपाठ होता, मग पाटी कोण वाचणार!

पहिले तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. पोरं कुरकुरत भट्टीवर गाड्या लावायची, घाम पुसत वर्गात यायची. अडचण मुलींची झाली. विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल्स संपायला दिवस मावळायचा. त्यानंतर त्या भट्टीच्या रानात जाऊन गाडी काढायची, म्हणजे एका हातात चप्पल आणि एका हातात मोबाइलचा उजेड. दोन मुली प्रॅक्टिकल अर्धवट टाकून लवकर निघू लागल्या. दिवे लावतो, असं ऑफिसने सांगितलं होतं. खांब आले होते, आडवे पडून होते.

त्यांच्यात एक उंच मुलगी होती. तासाभराच्या अंतरावरून वडिलांच्या जुन्या, जड मोटारसायकलवर यायची. वडिलांची नजर अधू झाली आणि गाडी हिच्याकडे आली. तिने प्राचार्यांना दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि दिव्यांसाठी फोन केला. दिवे काही आले नाहीत.

एका शनिवारी मामा शिडीवर चढून पाटीवर उडालेला चिखल पुसत होते. ही मुलगी खाली येऊन उभी राहिली आणि पाटी वाचू लागली. सगळे फळा वाचतात तशी नाही, कापड घेताना वीण बघतात तशी.

"मामा, ही पाटी तुम्हीच रंगवलीत ना?"

"मीच."

"चालवण्यास मनाई आहे म्हणता."

"पाटी म्हणतेय. मी कोण म्हणणार?"

"आणि ढकलत नेली तर?"

मामांचा हात थांबला. डब्यात काळा रंग होता, खिशात बारीक ब्रश होता. दोन ओळींच्या मध्ये दाटीवाटीने दोन शब्द घुसवता आले असते. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग पाटीकडे.

"ढकलण्याबद्दल हिच्यावर काही नाही," ते म्हणाले आणि पुन्हा चिखल पुसायला लागले.

सोमवारी सकाळी ती फाटकाशी आली, इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि दोन्ही हातांनी हँडल धरून गाडी आत घेऊन चालू लागली. पहारेकऱ्याने शिटी मारली. तिने मान वळवून पाटीकडे बोट केलं. पहारेकऱ्याने पाटी एकदा वाचली, दोनदा वाचली, टोपी काढून डोकं खाजवलं आणि तिला जाऊ दिलं. मंगळवारी अकरा जणी होत्या. बुधवारी मुलगेही आले. गुरुवारी सकाळी फाटकापासून वाचनालयाच्या वळणापर्यंत गाड्यांची रांग लागली. दीडशे तरी असतील.

मामा त्या वेळी रस्त्याच्या कडेला कुंड्यांना गेरू लावत बसले होते. आधी त्यांना वाटलं आपण पुन्हा कुठेतरी गेलो आहोत, हे खरं नाही. सकाळचं धुकं अजून उतरलं नव्हतं. त्यातून एकेक गाडी निघत होती, दिवे बंद, आवाज बंद, आणि प्रत्येक गाडीच्या डाव्या अंगाला एकेक माणूस. कुणी बोलत नव्हतं. बोलायला दम उरत नव्हता हे खरं, पण ऐकणाऱ्याला ते देवळात बोलत नाहीत तसं वाटावं. खडीवर टायरांची कुरकुर, साखळ्यांची बारीक टिकटिक, मध्येच कुणाचा तरी सुस्कारा. रोज याच गाड्या कानठळ्या बसवत जायच्या. आज त्या पाण्यावर नेलेल्या गुरांसारख्या माना खाली घालून निमूट चालल्या होत्या. मामांच्या हातातला ब्रश कुंडीला टेकून तसाच राहिला आणि गेरूचा ओघळ खाली उतरून त्यांच्या पायावर आला. त्यांना कळलंही नाही.

अकरा वाजता बोलावणं आलं.

प्राचार्यांनी टाइप केलेला कागद टेबलावर ठेवला होता. "यात 'आणण्यास व' आहे. पाटीवर नाही. का?"

"जागा संपली, साहेब."

"जागा कशी संपली?"

"अक्षरं जरा जाड झाली."

"मग बारीक काढायची!"

"बारीक अक्षर कुणी वाचत नाही, साहेब."

"जाड तरी कुणी वाचलं? मी रोज त्या पाटीखालून जातोय!" प्राचार्य उसळून म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं. "उद्या सकाळी ती पाटी दुरुस्त झालेली हवी. समजलं?"

"हो साहेब."

संध्याकाळी मामांनी सगळं बायकोला सांगितलं. ती गणवेशाच्या चड्डीला नेफा घालत होती. मशीन थांबवून तिने चष्मा कपाळावर सरकवला.

"मुद्दाम केलंत?"

"मलाच कळत नाही गं. लिहीत गेलो, जागा संपली."

"कापड कमी पडलं की बाही आखूड होते, ते मी समजू शकते. पण तुम्ही? तुम्ही बाकावरचा एक आकडा काढताना पट्टी लावता. आपल्या दारावरचं नाव रंगवताना अर्धा दिवस मोजत बसला होतात, मी दोनदा दूध उतू घालवलं तुमच्या नादात. आणि एवढी मोठी पाटी तुम्ही न मोजता सुरू केलीत?"

मामांनी मनातल्या मनात तो दिवस आठवून पाहिला. खरंच, त्या दिवशी त्यांनी मोजलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा. ते रिकाम्या रस्त्यावर बसले होते, इतकी सुंदर शांतता होती, आणि तरीही कुठेतरी आत ती त्यांना जरा जास्त वाटली होती. भरलेल्या घरातून एकदम पाहुणे गेल्यावर वाटते तशी. त्या डागांवरून काळा रंग फिरवताना त्यांना असं वाटत होतं की या गाड्या परत येतील. आवाज न करता येतील. हे त्यांना तेव्हाच मनात दिसत होतं की नंतर प्रत्यक्ष दिसल्यामुळे आता तसं वाटतंय, याचा छडा त्यांना लागेना.

"नोकरी जाईल का?" बायकोने विचारलं.

"पाटीसाठी कुणी काढत नाही."

"मग उद्या दुरुस्त करून टाका. आणि ताटावर बसा आता. बसा म्हणजे बसा, उडू नका."

दुसऱ्या दिवशी मामा शिडी, डबा, पट्टी सगळं घेऊन वेळेआधी फाटकावर गेले. तर तिथे प्राचार्य आधीच उभे. शेजारी ग्रंथपालबाई, गळ्यात अडकवलेल्या झोळीत प्लास्टरचा हात. प्राचार्य त्यांना विचारत होते, कारण ज्यांचं हाड मोडलं त्यांना विचारल्याशिवाय काही करणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

"तुम्ही सांगा मॅडम. तुमच्यामुळेच हा नियम झाला."

बाईंनी आत येणाऱ्या गाड्यांकडे पाहिलं. अगदी पुढे एक मुलगा होता. मामांनी ओळखलं, वळणावर गाडी वाकवणारा तोच. तो मान खाली घालून, घामाघूम होऊन गाडी ढकलत होता. बाईंच्या जवळ आल्यावर त्याने नमस्कार करायला हात सोडला आणि गाडी कलंडायला लागली. बाईंनी उजव्या हाताने चटकन मागची सीट धरली.

"दोन्ही हात ठेव रे बाबा, नमस्कार पोचला," त्या म्हणाल्या. मग प्राचार्यांकडे वळल्या. "सर, या वेगाने जाणार असतील तर मी रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून पेपर वाचेन. माझी काही तक्रार नाही."

प्राचार्य आत जाणारी रांग बघत राहिले. मामा शिडी धरून उभे. वर चढू की नको, हे कुणी सांगेना. शेवटी प्राचार्य म्हणाले, "आज राहू द्या. उद्या बघू." आणि शनिवारी सकाळी लोकांनी पाहिलं की प्राचार्य भट्टीवर गाडी न लावता थेट फाटकातून येत आहेत, पायी, स्वतःची स्कूटर ढकलत. कोट हँडलवर टाकलेला, कपाळ निथळतंय. फाटकापासून जुन्या टेनिस कोर्टापर्यंत त्यांनी गाडी नेली. ते कोर्ट कित्येक वर्षं गवत माजून पडलेलं होतं. मध्ये दोनदा थांबून त्यांनी श्वास घेतला. कोर्टाच्या कडेला गाडी स्टँडवर लावली आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "एवढं करून जो आत आणेल त्याला आणू दे. इथपर्यंत आला की त्याच्या अंगात दुसरं काही करायची ताकद राहत नाही."

गवत काढून मामांनी कोर्टावर चौकटी आखल्या. या वेळी मोजून. एकशे ऐंशी बसल्या. फाटकावर नवी पाटी लागली, 'येथून पुढे इंजिन बंद. गाडी हाताने न्यावी.' कारकुनाला आता प्रत्येक शब्दावर बोट ठेवून कागदाशी ताडायला लावलं होतं.

रंग वाळल्याच्या दिवशी ती उंच मुलगी सगळ्यांच्या आधी आली. कोर्टाच्या तोंडाशी थांबली आणि म्हणाली, "मामा, पहिल्या चौकटीत तुम्ही लावा."

"मला नाही येत गं. मी कधी हातही लावला नाही गाडीला."

"ढकलायलाच तर आहे. पाटी वाचली नाहीत का?"

मामांनी हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले आणि हँडल धरलं. गाडी जड होती, ऊबदार होती. पहिल्यांदा जोर लावला तेव्हा जागची हलली नाही. मग एकदम हलली, आणि हलल्यावर तिला त्यांची गरज उरली नाही. ती आपली आपण निघाली, त्यांनी फक्त बरोबर चालायचं. खाली ताज्या रंगाचा वास, समोर सरळ पांढरी रेघ, तळहाताखाली रबराची नक्षी. वीस पावलांचं ते अंतर किती वेळ चाललं, हे त्यांना नंतर सांगता आलं नाही. मुलगी "मामा, ब्रेक! मामा!" ओरडली, ती तिसऱ्या हाकेला ऐकू आली. पुढचं चाक चौकटीच्या बाहेर हातभर गेलं होतं.

पुढे गोष्टी आपापल्या वाटेने गेल्या. पहिल्या उत्साहातले निम्मे जण ढकलून कंटाळले आणि मुकाट भट्टीवर गाड्या लावू लागले. तिथे दिवे लागले, पण दोन महिन्यांनी. कोर्टावर रोज शंभर-सव्वाशे गाड्या असत, त्यांतल्या बऱ्याच मुलींच्या. ग्रंथपालबाईंचा हात जुळला, थंडीत मात्र ठणकतो. तो मुलगा त्यांच्याकडे कधीकधी पुस्तकं लावायला जायचा, बाई त्याला वरच्या फळीची कामं सांगायच्या. उंच मुलगी पास होऊन दुसऱ्या गावी एका प्रयोगशाळेत लागली. वडिलांची गाडी तिने बरोबर नेली.

मामा त्यानंतर तीन वर्षांनी निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी पट्टेवाला भरला नाही. चौकटी आखायला बाहेरून यंत्र येतं आणि अर्ध्या दिवसात काम उरकतं. बायको म्हणते, आता तरी घरात पाय टिकवा. ते टिकवतात. दुपारी खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. खालून गाड्या जात असतात. डोळे अर्धवट मिटले की हळूहळू त्यांचे आवाज गळून पडतात आणि रस्ताभर नुसती चाकं फिरत राहतात.